काचेची कड

भोर,
शुक्रवार, १० डिसेंबर १९९३

प्रिय हीना,

सप्रेम नमस्कार. वर्षभराने बाईंना आठवण झाली होय, असं म्हणशील. म्हण. तुझ्या अम्मींचा गुडघा कसा आहे? वरव्याच्या कारखान्यात तुला पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागतं, असं तुझी बहीण गुलफशा बाजारात सांगत होती. इथे सगळं ठीक. आमची शिपाई अंबूबाई हल्ली घंटा द्यायचीच विसरते, आणि मी तासाला चार वेळा घड्याळ बघते.

या पत्राची ही तिसरी सुरुवात. आधीच्या दोन फाडल्या, त्यांत नुसतं हवापाणीच होतं.

पेपरात वाचलंस का? ती सहाशे किलोमीटर उंचावर फिरणारी हबल दुर्बीण. तिचा आरसा घासतानाच चुकला होता, कडेला केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाइतका जास्त घासला गेला. आता अंतराळवीर वर जाऊन तिला जणू चष्माच लावला. पाच दिवस आळीपाळीने यानाबाहेर, जाड हातमोजे घालून एकेक स्क्रू फिरवत होते. त्यांच्यात एक बाईही आहे. वाकडं झालेलं सौर पॅनेल तिने दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि सांगितल्यावर अलगद सोडून दिलं. वाचताना मला सारखी तूच दिसत होतीस. शाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी प्रयोगशाळेतल्या तेलाच्या पिंपाभोवती फेऱ्या मारत काचेवर काच घासणारी, मला दटावणारी. "बाई, जोर नका लावू. कड बिघडंल."

काल आठवीच्या वर्गात ते कात्रण वाचून दाखवलं. पुढच्या बाकावरच्या शुभ्राने विचारलं, "बाई, एवढी मोठी चूक कुणालाच ठावं न्हवती?"

कात्रणातच लिहिलं होतं की एका तपासणीत चूक दिसली होती, पण ती कुणी मनावर घेतली नाही. तेवढं मी मुलांना वाचून दाखवलं नव्हतं. "तास संपला," म्हणाले. तास संपायला वीस मिनिटं होती. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल आमटीत दोनदा मीठ घातलं.

हीना, तू मावसबहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेली होतीस ना, तेव्हा आपला आरसा मी एकटीने घासला. दुर्बिणीच्या उद्घाटनाची पत्रिका छापून आली होती आणि मला घाई झाली होती. जोर लावला. मग दाढीचं पातं आणि दिवा मांडून तपासलं. आरसा नीट असता तर सावली एकसारखी पसरली असती. कडेला उजळ रेघ दिसली, चांगली बोटभर रुंद. पुन्हा घासायला तीन आठवडे लागले असते. मी तपासणीच्या वहीत 'ठीक' लिहिलं आणि आरसा मुलाम्याला पुण्याला पाठवून दिला. तू आल्यावर विचारलंस, "समदं बरं हाय ना, बाई?" मी हो म्हणाले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी पाहुण्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि शनीच्या कड्याऐवजी भिजलेला पापड दिसला. मुख्याध्यापक आनंदराव सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे काम कुणी केलं? मी म्हणाले, "घासायचं काम हीनाकडे होतं." वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं. तू म्हणालीस, "बाई, तुमी तरी बोला की." मी खाली बघून तिपाईचा स्क्रू पिळत राहिले.

प्रयोगशाळेतली तुझी हंगामी नेमणूक पुढे वाढली नाही. शाळेत अजूनही कुणाच्या हातून परीक्षानळी फुटली की "हीनाचा हात लागला वाटतं" म्हणून हसतात. पहिल्यांदा मीही हसले. तेही तुला कळलेलं बरं.

उद्या सकाळची शाळा आहे. प्रार्थनेनंतर मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. आनंदराव सरांना आधी सांगितलेलं नाही. ते म्हणतील, जाऊ द्या बाई, आता वर्ष झालं. आणि मी लगेच जाऊ देईन. मला मी चांगली ठाऊक आहे. आता पावणेतीन झालेत, पोस्टाची पेटी तीनला उघडतात. हे पत्र त्याआधी पेटीत पडलं पाहिजे, म्हणजे मागे फिरायची सोय उरणार नाही.

सोमवारी ते तुझ्या हातात पडेल. शाळेत काय झालं याची गुलफशाकडून चौकशी कर. मी बोलले असेन तर त्यानंतरच्या रविवारी वरव्याला येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी रागावणार नाही. बोलले नसेन तर हे पत्र घेऊन तूच शाळेत ये आणि प्रार्थनेनंतर मोठ्याने वाच. कुणी अडवलं तर खालची सही दाखव. म्हणूनच ती पूर्ण नावाने केली आहे.

आरसा मी बिघडवला. हीनाने नाही.

सौदामिनी केशव पोतनीस
विज्ञान शिक्षिका