कायद्यात झोप हा शब्द नाही

प्रिय मंजू,

कारणे दाखवा नोटीस हातात पडली. सगळी इंग्रजीत, आणि खाली तुझी सही तेवढी मराठीत, त्या लांब शेपटीच्या 'षा'सकट. खरं सांगते, घाबरायचं सुचलंच नाही. वाटलं, अगंबाई, साहेबीण झाली तरी हिचं अक्षर काही सुधारलं नाही! मग खुर्चीत बसले आणि मग घाबरले. चौथीच्या वर्गात शिकवणं चालू असताना एक विद्यार्थिनी झोपलेली आढळली, शिक्षिकेने तिला उठवलं नाही, ही कर्तव्यात कसूर का समजू नये, सात दिवसांत खुलासा द्या. यातला शब्दन् शब्द खरा आहे, मंजू. ती झोपली होती, आणि मी उठवलं नव्हतं.

तू शाळा सोडून ऑफिसात गेलीस त्यानंतरची ही मुलगी, तुला माहीत नसणार. धनश्री नाव. आमली भागातल्या मागच्या चाळीत राहतात, मूळची शहाद्याकडची माणसं. बाप ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस घरी नसतो. आई भिमाबाई राखोलीला सुताच्या कारखान्यात कायमची रातपाळीला. घरात आठ महिन्यांची धाकटी बहीण. तिची झोळी टांगलेली आणि झोळीची दोरी धनश्रीच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. बाळ कुरकुरलं की पाय हलवायचा. नऊ वर्षांची पोर गं! वर्गात झोपते तेव्हासुद्धा तिचा उजवा पाय हळूच हलत असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मुंगीबिंगी चावली. आता तो पाय हलायला लागला की मीच शिकवता शिकवता थोडी डुलते. मुलं हसतात.

सुरुवातीला उठवायचे गं मी! तोंड धुवायला पाठवायचे, उभं करायचे. एकदा उठवलं तर तिने डोळे मिटूनच साताचा पाढा सत्तरपर्यंत म्हटला आणि पुन्हा बाकावर डोकं टेकलं. शेवटी भिमाबाईला बोलावलं. ती बाई दारातच हात जोडून उभी. पोरीले मारा मॅडम, पन नाव नका कापू, म्हणाली. मी म्हटलं, मारायला कायद्याने बंदी आहे आणि नाव कापायलाही. तर ती म्हणाली, मग तुम्ही तिले दिवसभर जागी बसवणार असाल, तर घरीच राहू द्या, दिवसा तरी झोपेल. रागाने नाही म्हणाली. हिशेब सरळ होता बिचारीचा. मुलगी शाळेत झोपेल, नाहीतर शाळाच सुटेल. तिसरी वाट मला दिसली नाही. तुला दिसली तर सांग.

म्हणून जुलैपासून पहिले दोन तास ती कपाटामागे चटईवर झोपते, माझी जुनी साडी पांघरून. खिचडी खाऊन झाली की व्हरांड्यात मी तिला ते दोन तास पुन्हा शिकवते. भागाकार येतो तिला, बाकी उरलेलासुद्धा. त्या श्रीमंतांच्या शिकवण्या लावलेल्या पोरांना येत नाही तेवढा येतो. पण मंजू, खरी गंमत बाकीच्या वर्गाची झाली. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप सगळे हळू बोलायला लागले. त्या दोन तासांत अठ्ठावीस मुलं कविता म्हणतात ती कुजबुजत. ऐकायला ये कधीतरी. वर पंखा फिरत असतो, खिडकीतून कारखान्याचा तो एकसुरी आवाज येतो, आणि मधे ही कविता, तोंडातून नाही तर जमिनीतून झिरपत आल्यासारखी. मला तर कधी कधी कळत नाही की आपण शिकवतोय की स्वप्नात आहोत. आणि गाढवांनो गप्प बसा म्हणून आयुष्यभर बोंबललेली मी, मला एका झोपलेल्या मुलीने वर्ग शांत करून दाखवला.

नोटीस आल्यावर शिक्षण हक्काचा कायदा काढून बसले. आपल्या ट्रेनिंगमध्ये दिला होता, तू त्यावर वाटाण्याची भाजी सांडलेली, तोच. पुन्हा पुन्हा वाचला. मुलांना मारायचं नाही, मनाला लागेल असं छळायचं नाही, आठवी होईपर्यंत काढून टाकायचं नाही. शिक्षकाने वेळेवर यायचं, अभ्यासक्रम पुरा करायचा, मागे पडेल त्याला जादा शिकवायचं, पालकांना भेटायचं. मी बोट ठेवून ठेवून बघितलं, यातलं मी काय केलं नाही? आणि झोप हा शब्द कुठे सापडतो का तेही बघितलं. नाही गं. झोपू द्या असंही नाही आणि झोपू देऊ नका असंही नाही. मुलीने जागं असावं हे लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललं असणार. त्यांच्या घरी मुलं झोपून शाळेत येत असतील.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. लिहितेच. तुझा विशाल झाल्यावर तू रजा संपवून परत आलीस, तेव्हा चार महिने मी दुसरी आणि तिसरी एकत्र बसवायचे आणि तू भिंतीला टेकून झोपायचीस. तोंड उघडं ठेवून, घोरायचीससुद्धा, कधी सांगितलं नाही तुला. पोळ्यांचा डबा मांडीवर तसाच. हेडमास्तर येताना दिसले की माझी पोरं खोकायची. ही दटावणी समजू नकोस हं. खुलाशात यातलं अक्षर नाही आणि कुणी विचारलं तरी माझ्या तोंडून निघणार नाही. फक्त तुझी ती झोप आठवली की मला अजूनही बरं वाटतं. माझ्या नोकरीत मी जी काही चांगली कामं केली त्यात ते एक आहे असं वाटतं.

तुझा फोन आला तेव्हा मी रडले, ते तुला कळलं असेल. तू मला वाचवायलाच फोन केलास, हे मी विसरणार नाही. तपासणीला आलेल्या त्या पाहुण्याने मोबाईलवर काढलेला फोटो, शिरा पडो त्या फोटोवर, आता फाईलला लागलाय, तेव्हा काहीतरी लिहावंच लागणार. मुलीला त्या दिवशी ताप होता असं लिही, आईची सही घे, विषय मिटला, म्हणालीस. आणि मी लिहिलं, मंजू. सुवाच्य अक्षरात खोटं लिहिलं. काल भिमाबाई रातपाळीनंतर न झोपताच, बाळाला कडेवर घेऊन शाळेत आली, डोळे लाल. तिला वाचता येत नाही, अंगठा उठवायला तयार झाली. तर धनश्री, नुकतीच उठलेली, गालावर चटईचे वळ, पुढे आली आणि कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागली. एक शब्द अडला नाही तिला. जोडाक्षरंसुद्धा नाही. तापाशी येऊन थांबली. म्हणाली, टीचर, मला ताप नव्हता, मला झोप आली होती. आणि माझ्याकडे बघत राहिली, मी चूक दुरुस्त करीन म्हणून, जशी मी त्यांच्या वह्यांत करते. लाज वाटली गं. आनंद पण झाला, वाचलं किती छान म्हणून, पण लाज जास्त. तो ताप तसाच पाठवला असता तर मी सुटले असते. दुसऱ्या दिवशी मात्र तिला ताप नसता, आणि मग मला तिला उठवावं लागलं असतं.

तो कागद फाडला. आज सकाळी खरा खुलासा देऊन आले. ती रोज झोपते, माझ्या परवानगीने झोपते, आणि हे दोन तास मला वेळापत्रकात लिहून मिळावेत, असं मागितलंय. तुमच्या ऑफिसातला श्रीकांत म्हणाला की मॅडम हे प्रकरण स्वतःकडे ठेवणार नाहीत, मैत्रिणीचं आहे म्हणून दुसऱ्या साहेबांकडे देणार आहेत. म्हणून हे पत्र. तुझं बरोबर असेल, नियमात काय बसतं ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. पण मला दुसरा साहेब नको, जो फोटो बघून शेरा मारील. तू ये. मैत्रीण म्हणून नको, अधिकारी म्हणूनच ये, अकराच्या सुमारास. तिची वही तपास, तिला वाचायला लाव, माझी उलटतपासणी घे. माझी वेतनवाढ रोखायची तर रोख, बदली करायची तर कर, मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. फक्त तिला उठवायचं ठरवलंस, तर ते कागदावरून उठवू नकोस. कपाटामागे जा, खाली वाक, आणि तिच्या खांद्यावर तुझा हात ठेवून उठव.

निकाल काहीही लागो, तुझीच,
रोहिणी