तो जोड पक्का होता

१४ नोव्हेंबर २००७

दादा, इतकी वर्षं लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेल्यावरही रोजची वही चालू ठेवली. तिच्यात तुमच्याविषयी एक खोटी ओळ आहे, आणि आज तीच मी पुन्हा तोंडाने बोललो.

शहाण्णवचा उन्हाळा. पुण्याची नोकरी सोडून मी आळेफाट्याला तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो होतो. डोक्यात कांदा निवडायचं यंत्र: जाळीचं पिंप हाताने फिरवायचं, लहान कांदा खाली पडेल, मोठा पुढे जाईल. बनवण्याआधी लोकांना विचारायला हवं, एवढं कळत होतं. महिनाभर गावं हिंडलो. ज्या ओसरीवर बसलो तिथे चहा आला आणि "लई भारी काम व्हईल, राव" असं उत्तर आलं. ती उत्तरं मी तुम्हाला वाचून दाखवली. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवत तुम्ही म्हणालात, "आरं, दारात आलेल्या पावण्याला नाय कोण म्हणतं? यंत्र ठिवून ये, आन आठ दिस तिकडं फिरकू नको."

ते बनवलंतही तुम्हीच. निरगुडसरच्या तुमच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडे ठेवलं. आठ दिवसांनी आपण दोघं जातो, तर कांदा साठवायच्या बराकीसमोर बायका गोणपाटावर बसून हातानेच निवडतायत आणि यंत्रावर गोधड्या वाळतायत. माझं डोकं फिरलं. त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली, "भाऊ, राग नगा मानू. ह्याला ल्हान-मोठा कळतो, नासका कळत न्हाई. हाताला लगीच कळतो."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आमाला इचारलं कव्हा? तुमी मालकासंगं बोलत व्हता, आमी च्या करत व्हतो."

बाकीच्या खुदकन हसल्या. मालक ओशाळला. माझा मान राखायला म्हणाला, "तसं न्हाई, जाळीचा जोडच ढिला हाय वाटतं." मी तेवढंच धरलं. "हो, वेल्डिंग कच्चं राहिलं," म्हणालो. तुम्ही शेजारीच उभे होता. जोडावरून अंगठा फिरवलात, माझ्याकडे पाहिलंत आणि मालकाला म्हणालात, "नेतो, बघतो काय ते." परत येताना टेम्पोत तुम्ही फक्त पिकांविषयी बोललात. दुसऱ्या दिवशी त्या जोडावर पुन्हा वेल्डिंग केलंत. त्या घरचं काम मात्र तुमच्याकडे परत कधी आलं नाही.

आता नव्या उद्योगाच्या कल्पना घेऊन तरुण मंडळी माझ्याकडे येतात. मी सांगतो, वस्तू ज्याच्या हातात जाणार त्याला विचारा, आणि तो काय बोलतो यापेक्षा काय करतो ते बघा. हे शहाणपण तुमचं आणि त्या बाईचं. मी माझं म्हणून सांगतो. आज एका मुलीने विचारलं, "सर, तुमचं पहिलं यंत्र का चाललं नाही?" मी सवयीने म्हणालो, "वेल्डिंग कच्चं होतं." तिने ते लिहून घेतलं.

मला तेव्हाही माहीत होतं, दादा. वहीत ती ओळ लिहितानाही माहीत होतं. तुम्ही जिवंत असता तर हे पत्र टाकलं असतं का, याची मला खात्री नाही.

उद्या: निरगुडसरला जाऊन मालकाला सांगणे, जोड पक्का होता, आखणी माझी चुकली.