अभिनवचे चार आकडे

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

कळलं यांना. सगळं!

वसुलीवाल्याने आज मला सोडून यांच्या फॅक्टरीत फोन लावला. साहेबांच्या टेबलावर, चार माणसांत! "तुमच्या मिसेस हप्ते बुडवतात." संध्याकाळी आले ते चप्पल न काढताच उभे राहिले. "किती?" दोन कार्डं आणि मोबाईलवरचं कर्ज मिळून तीन लाख शहाऐंशी हजार, म्हटलं. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. "मला वाटलं, पगारातून घेतेस." बस, एवढंच. जेवलेही नाहीत.

१३ नोव्हेंबर

पगार एकवीस हजार. त्यात काय काय येतं, हे त्यांना कळत नसेल? की मलाच कळत नव्हतं!

१५ नोव्हेंबर

लॅबमध्ये रिपोर्ट देता देता रडू फुटलं. हिशेब बघणाऱ्या आनंदीताईंनी ओढतच आत नेलं. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "रडून व्याज कमी होत नाही. स्टेटमेंट दाखवा." चष्मा लावून वर्षभराचं वाचलं. मग – "माणसं दोन, मिक्सर तीन. खानावळ काढताय का?"

हसले. मग अजूनच रडले.

त्यांनी एक काम दिलंय. "काय घेतलं ते बँकेने लिहिलंच आहे. त्या दिवशी काय झालं होतं ते तुम्ही लिहा. प्रत्येक ओळीपुढे. आणि खरं लिहा, मला दाखवायचं नाहीये."

१७ नोव्हेंबर, रविवार

अभिनवच्या खोलीत बसून लिहिलं. बसायला जागा नव्हती, खोकी बाजूला सारावी लागली. निम्मी फोडलेलीसुद्धा नाहीत.

शिवणयंत्र, ११,९९९ – अभिनवचा वाढदिवस. सकाळपासून नऊ फोन केले. उचलला नाही.

व्हॅक्यूम क्लीनर, ८,४९० – पाडव्याला तीन ताटं घेतली चुकून. हे म्हणाले, "एक परत ठेव."

पाय दाबायचं यंत्र, १४,२०० – त्याच्या वर्गातली मुलं इंजिनिअर झाली. शेजारच्या सरुबाई पेढे घेऊन आल्या.

पुढचं लिहवेना. सगळ्या ओळींपुढे तोच! शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं म्हणून हे बोलले, "मग या घराचा उंबराही सोड." आणि त्याने सोडला. चौदा महिने झाले. बेंगळुरूला आहे, एवढं त्याच्या मित्राकडून कळलं. मी दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही. ना त्याला, ना यांना.

२० नोव्हेंबर

एक गोष्ट लिहायची राहिली. टाळत होते.

ऑनलाइन खरेदीचं खातं अभिनवनेच उघडून दिलेलं, त्याच्या नंबरवर. महागाची वस्तू आली की पोरगा दारात ओटीपी मागतो. तो अभिनवच्या फोनवर जातो. अभिनव गेल्यानंतर पहिल्यांदा मिक्सर आला, तेव्हा घाबरत मेसेज केला होता – ओटीपी पाठवशील का? आणि आला! चार आकडे. पुढे मागे काही नाही. पण माझ्या लेकाने पाठवलेले!

नंतर मागावेही लागले नाहीत. ज्या दिवशी वस्तू यायची त्या सकाळी नऊच्या सुमारास आपोआप यायचे. "जेवलास का?"ला उत्तर नाही. "घरी ये"ला नाही. आकडे मात्र एकदाही चुकले नाहीत.

दोनशे रुपयांच्या डब्यांना ओटीपी लागत नाही. महागालाच लागतो. म्हणून महागाचं.

लिहिलं एकदाचं. मला मिक्सर नको होता.

२४ नोव्हेंबर, रविवार

आनंदीताईंना दाखवलंच शेवटी. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "मग कार्ड कापून भागणार नाही, नीरजा. तो नंबर काढा."

त्यांच्या ओळखीने पतसंस्थेकडून कमी व्याजाचं कर्ज मिळेल. त्यात दोन्ही कार्डं मिटवायची. कार्डं कापली. नंबर नाही काढला. हात होईना.

२८ नोव्हेंबर

शिवणयंत्र विकलं. सहा हजार. हडपसरहून एक बाई घ्यायला आल्या होत्या, मुलीच्या क्लाससाठी. "नवंच दिसतंय की!" म्हणाल्या. हो म्हटलं.

१ डिसेंबर, रविवार

आज यांना सांगितलं. पतसंस्थेच्या कागदांवर सही करत होते, तेव्हाच. आकड्यांचं, सगळं. म्हटलं, "उद्या त्याचा नंबर काढतेय. मग त्याचं माझं काहीच उरणार नाही. तुम्हाला हायसं वाटेल!"

हे बोलायला नको होतं.

सही अर्धवट टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोनदा जेवायला बोलावलं. आले नाहीत.

२ डिसेंबर

काढला. माझा नंबर टाकला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

३ डिसेंबर

फॅक्टरीतून आले. त्यांचा जुना बटणांचा फोन माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, अभिनव जाताना सिमकार्ड काढून खणात टाकून गेला होता. तेव्हापासून ते या फोनमध्ये आहे. हे रोज सोबत नेतात – तो आपल्याच जुन्या नंबरवर कधीतरी फोन करून बघेल, म्हणून.

आत माझे सगळे मेसेज. 'जेवलास का' एकशे सत्तर वेळा.

"पहिले आकडे पाठवले त्या दिवशी तू दोन घास खाल्लेस," म्हणाले. "आणि खोटं काही लिहिलं नाही गं. आले तेच आकडे पाठवले."