दुधासाठी थांबलेलं भजन

मिरजगाव,
१४ मार्च

प्रिय जेनी,

सलाम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, लंकाबाई दोन वेळच्या भाकरी थापून जाते, बीपीची गोळी चुकत नाही. फोन करता आला असता, पण फोनवर माझी दोन वाक्यं झाली की तुझी मीटिंग सुरू होते. शिवाय तू माझं मत मागितलंयस, आणि मत मी आयुष्यभर कागदावरच दिलेलं आहे. नेहमीसारखी महिन्याच्या नव्या अल्बमांची यादी पाठवलीस आणि तिच्या तळाशी, जसा काही तोही त्यांच्यातलाच एक, तुझ्या आईचा अल्बम. ईस्टरला तो सगळ्यांसाठी बाहेर काढायचाय, त्याआधी पप्पांची चिठ्ठी पाहिजे, पप्पा नाही म्हणाले तर थांबवीन, असं लिहिलंस. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात घालून मोकळी झालीस. देतो चिठ्ठी. पण यादीच्या क्रमानं जाईन, एकदम आईवर यायची माझी तयारी नाही.

चिठ्ठीचं तुला काय नव्यानं सांगायचं, तू तिच्यातच वाढलीस. स्टँडसमोर आपलं कॅसेटचं दुकान होतं तोवर एकही नवी कॅसेट दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी काचेत लावली नाही. ऐकायची आणि कव्हरवर हातानं लिहिलेली चिठ्ठी डकवायची: घ्या, उसनी ऐका, किंवा घेऊ नका. सोलापूरकडं जाणारे ट्रकवाले आधी चिठ्ठी बघायचे, मग गायकाचं नाव. नगरचा होलसेलवाला मला येडा म्हणायचा, स्वतःचाच माल स्वतः पाडतो म्हणून. तुझी आई म्हणायची, यांनी गिऱ्हाइकं हाकलायचं दुकान काढलंय. पण तिनंही माझ्या चिठ्ठीशिवाय घरात कधी कॅसेट लावली नाही.

आता दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. दोन कॅसेटींचं डबल डेक मात्र माझ्या खोलीत अजून चालू आहे. मोबाईलच्या स्पीकरवर मला मत देता येत नाही, त्यात सगळेच सर्दी झाल्यासारखे गातात. म्हणून तू पाठवलेला अल्बम मी वायर जोडून आधी कॅसेटवर भरतो आणि मग खुर्चीत बसून ऐकतो. जुन्या कॅसेटी झिजल्या, म्हणून अल्बमासाठी नेलेली आईची कॅसेट गेल्या आठवड्यात परत पाठवताना त्याच पार्सलात तू पाच कोऱ्या घातल्यास. कुठून मिळवल्यास देव जाणे. त्यातल्या एकीच्या मागच्या कडेच्या दोन्ही चिपा तुटलेल्या निघाल्या. चिपा तोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, म्हणून जपायच्या कॅसेटीच्या चिपा आपण मुद्दाम तोडायचो. इथं कोऱ्या कॅसेटीलाच तुटक्या चिपा. रिकामी कॅसेटसुद्धा धड बनवता येईना या लोकांना, म्हणून मी त्या कंपनीचा उद्धार केला. त्या कॅसेटीचं पुढं सांगतो.

पहिला तो प्रेमाचा अल्बम, करण कोणीतरी. आठ गाणी, आणि आठही गाण्यांत ती याला सोडून गेलीय. का गेली ते तिसऱ्या गाण्यात कळतं. हा बाबा एक ओळ सलग म्हणत नाही, मध्येच थांबून हुंकार भरतो. आणि मशीनमधून आवाज असा काढलाय की त्यात घोगरेपण नाही, खरखर नाही, श्वाससुद्धा नाही. माणूस गाताना श्वास घेतो की नाही? हा पठ्ठ्या चार मिनिटं श्वासच घेत नाही, ऐकून माझाच जीव गुदमरला. घेऊ नका. कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

भक्तीचा डीजे ऐकायला मला वायर जोडावी लागली नाही. मागच्या आळीतला बजरंग मंडपवाला, त्यानं तो माझ्याआधीच मिळवला आणि स्पीकर तपासायच्या नावाखाली दोन दिवस आळीला ऐकवला. माझ्या खिडकीची काच थरथरत होती. मी गेलो सांगायला तर म्हणतो, मामा, लई जोर हाय याच्यात. जोर हाय, न्हाई कुठं म्हणतोय मी. पण देवाचं नाव एकदा घ्यायचं आणि खाली पन्नासदा धाडधाड आपटायचं, याची मला शिसारी आली. आपल्या लोकांनी तरी कुठं कसर ठेवलीय म्हणा. तो पुण्याचा उपासनेचा अल्बम ऐकला. शब्द मराठी, चाल परदेशी, आणि प्रभू म्हणताना ओठ असे वाकडे करतात की प्रभू यांच्याकडं सुट्टीला आलेला पाहुणा वाटावा. तुझ्या आजोबांनी टाळ, ढोलकी आणि पेटीवर गावोगाव ख्रिस्ती कीर्तनं केली, पाराखाली बसलेल्या माणसाला रडवलं. या पोरांच्या अल्बमात टाळ शोधून सापडत नाही. घेऊ नका, दोन्ही.

लावणीच्या अल्बमातली संस्कृती नावाची मुलगी खरंच गाते. म्हणून तर जास्त राग आला. एवढा गळा देऊन तिच्या उरावर सॅक्सोफोन बसवलाय. ती ओळ सोडते तिथं ढोलकीनं बोलायला पाहिजे, तर तिथं हा भोंगा रडतो, आणि ढोलकीवाला कुठंतरी मागं कोपऱ्यात पाट्या टाकतोय. तिला कोणीतरी सांगा, असं वाटलं. उसनी ऐका, आणि तिच्यासाठी ऐका. झोपेसाठी म्हणून काढलेला बासरीचा अल्बम तीन तासांचा आहे. दहाव्या मिनिटाला मी घोरायला लागलो, म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. पण मला झोपवणाऱ्याला मी गवई म्हणणार नाही.

मग तो आपल्या नगरकडच्याच अकोल्याच्या पोराचा रॅप. त्याच्यापुढं तू हसरा चेहरा टाकला होतास, म्हणजे आता पप्पा भडकणार. भडकलोच. अठरा गाणी, अठ्ठावन्न मिनिटं, एवढा वेळ तर आपले पास्टरसुद्धा घेत नाहीत. पहिल्या सहा गाण्यांत मला मोजून चार शब्द कळले आणि ते चारही तुझ्यासमोर उच्चारण्यासारखे नाहीत. पण सातव्यात तो भाताच्या खाचराविषयी बोलत असतो, आणि मागून एक म्हातारी ओरडते, आरं जेवून घे की आधी. आणि तो आलो म्हणतो आणि पुढची ओळ बरोबर ठेक्यावर धरतो. ते त्यानं कापलं नाही, जेनी. मी खुर्चीत उठून बसलो. या पोराला काहीतरी कळलंय. पुढची सगळी गाणी मी कान देऊन ऐकली. चिठ्ठी: घ्या. हो, मीच लिहितोय.

आता आई. तिचा अल्बम मी आठ दिवसांपूर्वी बजरंगकडच्या मोठ्या स्पीकरवर ऐकला. बजरंग म्हणाला, मामी पार मोठ्या गायिकेवानी वाटतीया. लंकाबाईनं पदर डोळ्याला लावला. मी चप्पल घातली आणि घरी आलो. इतक्या अल्बमांवर मी थुंकलो, पण एवढी किळस मला कशाचीच आली नाही, आणि ती माझ्याच बायकोच्या गाण्याची आली, हे मी कोणाला सांगू? मागं व्हायोलिनं आहेत, मोठ्या चर्चमध्ये घुमावा तसा आवाज घुमतो. दया कुठल्या मोठ्या चर्चमध्ये गायली? ती दुकानाच्या मागच्या खोलीत पत्र्याखाली गायली, चौऱ्याण्णव साली, पेटीवर मी होतो. त्या पेटीचा एक सूर फुसका होता, तो तुमच्या स्टुडिओतल्या इंजिनिअरनं भरून काढलाय. ती आनंदात असली की तिचा वरचा सूर जरा चढा लागायचा, मी डोळे वटारायचो आणि ती हसत आणखी चढवायची. तो मशीननं खाली आणून जागेवर बसवलाय. खोकला गेला, एसटीचा हॉर्न गेला, श्वास गेला. ही जी बाई गाते ती सुरेख गाते, पण हिच्याशी मी लग्न केलेलं नाही.

आणि बी साइडचं तिसरं भजन. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल, पण कॅसेटीत होतं. ओळीच्या मध्येच ती थांबते आणि म्हणते, जेने, दूध बघ गं. आणि दारातून तुझा आवाज येतो, व्हय, बघते. मग भांडं वाजतं, आणि दया पुढची ओळ धरते, जिथं धरायची तिथंच, ढोलकीवाल्या भीमाचा ठेका अर्ध्या मात्रेनं चुकत नाही. ती गेल्यापासून सहा वर्षं मी दर रविवारी चर्चवरून आलो की तेवढंच लावायचो. भजन नाही, ते दूध. तुमच्या अल्बमात ती ओळ सलग आहे. दूध नाही, तू नाहीस. तुला राग येईल, पण तू स्वतःलाच कापून टाकलंस आणि तुला कळलंसुद्धा नाही. तुझं मन मी जाणतो. आईचा आवाज लोकांनी ऐकावा म्हणून तू आणि जावई जस्टिनरावांनी दोन महिने खपून हे केलंत, तिला उजळवावं असं तुम्हाला वाटलं. पण चिठ्ठी मागितलीस तर चिठ्ठी खरी देणार: घेऊ नका. थांबव.

आईविषयीचं हे मी गेल्या रविवारीच लिहिणार होतो, फक्त तो रॅप ऐकायचा राहिला होता. ताठ मानेनं लिहिणार होतो. आता ती मान राहिली नाही, म्हणून आज शनिवारी लिहितोय.

मंगळवारी दुपारी मी त्या अकोल्याच्या पोराचा अल्बम भरायला घेतला. सोमवारी आलेल्या पार्सलातल्या कॅसेटी पांढऱ्या डब्यांत, एकावर एक ठेवलेल्या. आईच्या कॅसेटीचा जुना डबा फुटला होता म्हणून इंजिनिअरनं नवा दिला, लेबल सुटून मशीनमध्ये अडकत होतं म्हणून काढून टाकलं, हे तू फोनवर सांगितलं होतंस. मी हो हो म्हणालो होतो. वरची कॅसेट उचलली, चिपा तुटलेल्या दिसल्या, आणि आजकालच्या कंपन्यांना शिव्या घालत भरता यावं म्हणून मी त्या भोकांवर सेलोटेपचे दोन तुकडे चिकटवले. दुकानात दिवसातून पन्नासदा करायचो तसं, न बघता. त्या चिपा मीच तोडल्या होत्या, जेनी, एकतीस वर्षांपूर्वी, याच हातांनी, की तिच्यावर कधी कोणी काही भरू नये. तू पाठवलेल्या पाचही कोऱ्या कॅसेटी चांगल्या आहेत, आत्ता टेबलावर माझ्यासमोर आहेत. मला कळलं ते भरून झाल्यावर ऐकायला बसलो तेव्हा, बी साइड संपताना. शेवटचा रॅप झाला, खट्ट आवाज आला, मी बंद करायला उठलो, आणि तुझी आई गायला लागली. भजनाची शेवटची ओळ, पुरती एक, चढ्या सुरात. आणि मग म्हणाली, बास, करा बंद आता, कॅसेट संपंल. एवढंच राहिलंय. उलटसुलट करून सगळी ऐकली, बाकी तो पोरगा आहे. अख्ख्या मिरजगावाला मी कॅसेटी भरून दिल्या आणि घरच्या या कॅसेटीची दुसरी प्रत काढली नाही, कारण प्रतीत आवाज पातळ होतो असं माझं मत होतं. तुझा काही दोष नाही, लेबलाचाही नाही. इंजिनिअरचा नंबर माझ्याकडं आहे, दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला. म्हणून तुला विचारतो. जानेवारीत त्यानं कॅसेट पहिल्यांदा संगणकात घेतली तेव्हाची, न धुतलेली, खोकल्यासकट, दुधासकट, ती अजून असेल का गं? असली तर तुझा अल्बम थांबव आणि मला तेवढी पाठव. नसली तर ईस्टरला खुशाल बाहेर काढ, मी चिठ्ठीवर घ्या असं लिहीन आणि पहिली स्वतः घेईन, कारण मग मला तेवढीच दया उरली. उत्तर फोनवर देऊ नकोस, पत्रानं दे. पत्र यायला चार दिवस लागतात, तेवढे चार दिवस ती आहे असं धरून मला काढता येतील.

तुझाच,
पप्पा