बिनआरशाचा कॅमेरा

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (बसल्या जागीच घातला आहे असं समज, खाली वाकले तर उठवायला घरात कोणी नाही.) तुझा गुडघा कसा आहे? आणि कान? परवा फोनवर मी विचारलं, "जेवलीस का?" आणि तू म्हणालीस, "हो, मंगळवारी." तेव्हाच ठरवलं, आता पत्रच लिहावं. कागदाशी ओरडून बोलावं लागत नाही.

इकडची खबर अशी की सध्या माझ्याकडे पाहुणा आलाय. कॅमेरा. झालं असं की परदेशातून चिरंजीवांनी फर्मान काढलं, आई, तुझ्या फोनवरचे फोटो म्हणजे धुक्यात हरवलेली माणसं, एक नीट कॅमेरा घे, त्यात फोटोही निघतील आणि व्हिडिओही. म्हणून चौकातल्या कॅमेरावाल्याकडे गेले. हे त्याचे जुने गिऱ्हाईक. त्याने ह्यांची आठवण काढली, बसायला खुर्ची दिली, आणि मग मला काहीही कळणार नाही याची काळजी घेत अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, "काकू, फोटो जास्त काढणार की व्हिडिओ?" मी म्हटलं, दोन्ही. "कोणाचे?" इथे मात्र मी अडले, शाळेत गणिताच्या सिस्टरनी बाकावर उभं केल्यावर अडायची तशी. मग म्हटलं, "माणसांचे." तो बिचारा म्हणाला, आठ दिवस घरी नेऊन वापरून बघा, शनिवारी सांगा ठेवताय की परत देताय.

या जातीच्या कॅमेऱ्याला मिररलेस म्हणतात. ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एक इवलासा आरसा होता. बटण दाबलं की तो वर उचलला जायचा, खट्ट आवाज व्हायचा आणि हे म्हणायचे, "झालं, आता श्वास सोडा." यात आरसाच नाही, म्हणून खट्ट नाही, म्हणून श्वास कधी सोडायचा ते कळत नाही. पण नाव ऐकून मला दुकानातच हसू फुटलं. ताई, आपण कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सात वर्षं मिररलेसच तर होतो. जी मुलगी आरशात बघते तिच्याकडे आरशातून सैतान बघतो, असं मोठ्या सिस्टरचं ठाम मत, त्यामुळे साऱ्या इमारतीत एकही आरसा नव्हता. (माळीबुवा दाढी कशी करत हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, त्यांच्या हनुवटीवरून वाटायचं, अंदाजाने.) सकाळच्या घंटेआधी तू माझा भांग पाडायचीस, मी विचारायची, "सरळ आहे का गं?" आणि तू माझी हनुवटी धरून, एक डोळा मिटून बघायचीस. "वाकडा. तुझं डोकंच वाकडं, भांग काय करणार." सात वर्षं मी माझा चेहरा तुझ्या तोंडून ऐकला.

असो. तर कॅमेरा. गुण आधी सांगते. माझा हात आता थरथरतो, हे मी तुला कळवलं नव्हतं, पण याला पहिल्याच दिवशी कळलं. कळूनही तो काही बोलला नाही, गुपचूप चित्र स्थिर करत राहिला. इतका समंजसपणा या घरात यापूर्वी कोणी दाखवलेला नाही. दुसरं म्हणजे तो माणसाचे डोळे आपणहून शोधतो आणि सापडले की त्यांच्याभोवती हिरवी चौकट काढतो. मी त्याला घरभर फिरवला. स्वयंपाकघर, बाल्कनी, चिरंजीवांची खोली (आता तिथे इस्त्रीचं टेबल असतं). बिचारा शोधून शोधून थकला आणि शेवटी दारामागच्या खुंटीवर ह्यांचा कोट आहे ना, त्याच्या वरच्या दोन बटणांभोवती त्याने चौकट काढली. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, पण ते आता इथे नसतात.

त्याचा पडदा आपल्याकडे वळवता येतो. वळवला तर समोरून एक म्हातारी आली. तिला वाट द्यावी म्हणून मी बाजूला सरकले, तर तीही सरकली. घरातल्या आरशात मी रोज बघते, पण तिथे माणूस तयारीनं जातं. इथे एकदम गाठ पडली. गालावर पावडरीचा पांढरा पट्टा तसाच. सकाळपासून तो पट्टा घेऊन मी बँकेत, वाण्याकडे आणि दवाखान्यात जाऊन आले होते, ताई, आणि एकाही माणसाने सांगितलं नाही.

आता दोष. दोष कॅमेऱ्याचा नाही, माझा. त्याच्या डोक्यावर एक चकती आहे. इकडे फिरवली की फोटो, तिकडे फिरवली की व्हिडिओ. ती चार दिवस तिकडेच होती. म्हणजे मी पहिला फोटो काढला की व्हिडिओ सुरू, आणि दुसरा काढला की बंद. जे टिपायचं ते राहिलं आणि दोन फोटोंच्या मधलं सगळं टिपलं गेलं. छत. चपला. पुन्हा चपला. आणि माझा आवाज. मी दिवसभर बोलत असते हे मला ठाऊक नव्हतं. कुकरला म्हणते, "आले रे आले." खिडकीला म्हणते, "लागतेस का आता नीट?" कोटाला विचारते, "चहा टाकू?" एकदा व्हरांड्यातल्या आरशासमोर थांबले होते बहुधा, कारण कंगव्याचा आवाज येतो आणि मग मी विचारते, "सरळ आहे का गं?" कोपऱ्यात सेकंद मोजणारे आकडे पळत असतात म्हणून कळलं, त्यानंतर मी अकरा सेकंद थांबले होते. मग पावलं वाजतात.

चित्र मात्र अतिशय स्वच्छ. माझ्या चपलेच्या अंगठ्याचा टाका उसवलाय, तोही दिसतो.

एकंदर माझं मत असं: फोटोला उत्तम, व्हिडिओला उत्तम, फक्त जास्त वेळ चालवला की तापतो. गुडघ्याला शेक देत जा. भाचीला आशीर्वाद.

तुझी,
वाकड्या डोक्याची धाकटी

ता. क. शनिवारी कॅमेरावाल्याला उत्तर द्यायचं आहे आणि जिवंत माणसावर परीक्षा घेतल्याशिवाय ते देणं बरोबर नाही. तेव्हा शुक्रवारपर्यंत ये. गुडघ्याचं सांगू नकोस, आमची लिफ्ट सुरू झाली आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी खरं लिहिते, नाहीतर सिस्टर म्हणायच्या तसं अन्न पचायचं नाही. कॅमेरा मी कालच परत देऊन आले. त्याने कारण विचारलं, मी म्हटलं, तापतो. आतलं सगळं आधी पुसून टाकलं (ते बटण मात्र पहिल्या फटक्यात सापडलं). म्हणजे आता तू येण्याला काहीच कारण उरलेलं नाही. तरी ये. रुंद दातांचा कंगवा आणून ठेवला आहे. चष्मा तेवढा आठवणीने आण. एक डोळा मिटून आता तुला काही दिसायचं नाही.