वेठ परत आली नाही

मी, दौलत अर्जुन खेडेकर, वय ५६, मूळचा दापोली तालुक्याचा, सध्या अबुधाबीजवळ मुसफ्फा येथील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपात फोरमन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवतो. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर नुसतेच "इन्शाल्ला" म्हणाले, म्हणून लिहायला बसलो.

१. दापोलीचे घर पत्नी वासंती हिचे. तिच्यानंतर मुलगी समिधा हिचे. लग्न झाले म्हणून तिचा हक्क कमी धरू नये. काजूच्या बागेतले हद्दीचे दगड धाकट्या भावाने दोन हात सरकवले आहेत. त्यावरून कोर्टात जाऊ नये. मला ते ठाऊक होते, एवढे मात्र त्याला सांगावे.

२. माझी सर्व हत्यारे वर्कशॉपातल्या किसनला द्यावीत. काटकोन तपासायचा गुण्या त्याने तेल लावून ठेवावा. तो लावत नाही.

३. इंग्रजी पुस्तक, एक. १९९४ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनीअरने ते टाकून दिले होते. त्यात १८४८ साली युरोपात लोक राजांविरुद्ध कसे उठले, याची हकिकत आहे. मी नववी पास. पाकिस्तानातल्या मर्दानचा, आमच्या वर्कशॉपातला वेल्डर हमदुल्ला याला इंग्रजी बरे येई. दर शुक्रवारी सकाळी तो वाचून हिंदीत सांगे, मी डिक्शनरी धरून बसे. त्याच साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे मी त्याला सांगितले. "एक ही साल में?" म्हणून तो कितीतरी वेळ हसत राहिला. एकाच वर्षी इतक्या ठिकाणी माणसांना काय झाले असेल, हे आम्हांला कधी उलगडले नाही.

जुलै १९९७ मध्ये शेडमधला पाण्याचा कूलर नऊ दिवस बंद होता. दहाव्या दिवशी चौतीस माणसे काम थांबवून खाली बसली. मी फोरमन म्हणून उभा राहिलो. मॅनेजरने मला आत बोलावून विचारले, "ये किसने शुरू किया?"

मी म्हणालो, "हमदुल्लाने."

माझा व्हिसा संपत आला होता, समिधाचे कॉलेज सुरू व्हायचे होते. कारणे खरी आहेत. पण नाव मीच सांगितले.

तिसऱ्या दिवशी त्याला परत पाठवले. तोवर पुस्तकात राजे परत येऊ लागले होते. गाडीत बसताना तो म्हणाला, "दौलतभाई, आगे क्या हुआ, पढ़के मुझे बताना." त्याला माझे कृत्य ठाऊक होते की नाही, हे मला आजही कळलेले नाही.

शेडमध्ये दोन नवे कूलर आले. ते अजून आहेत.

पुढचे वाचायला मला तीन वर्षे लागली. ऑस्ट्रियात बादशहाची सत्ता परत आली, पण त्या उठावात रद्द झालेली शेतकऱ्यांवरची वेठ परत आली नाही.

~~माझ्या मृत्यूनंतर हे पुस्तक आणि वरील कबुली हमदुल्लाला पाठवावी.~~

हे वाक्य मीच खोडले आहे. खाली सही केली आहे. किसनने त्याचा पत्ता मिळवला आहे. पुस्तक आणि पत्र मी स्वतः उद्या सकाळी पोस्टात टाकतो. पत्रात कूलरची आणि मी नाव सांगितल्याची गोष्ट आधी लिहिली आहे, वेठीची नंतर.

दौ. अ. खेडेकर
मुसफ्फा, शुक्रवार, ८ मार्च २००२

आमच्यासमक्ष सही केली:
१. किसन बाबू जाधव
२. गुणवंत श्रीधर परांजपे, अबुधाबी