अक्कांना, विरुद्ध पक्षाकडून

मु. पो. मुरूम (कागदापुरतं)

तीर्थस्वरूप गंगम्माअक्का यांच्या चरणी धाकटा भाऊ शंभुलिंग याचे शरणू शरणार्थी.

इकडं सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावून शेकता का, की बाटली नुसती कोनाड्यात ठेवून तिच्याकडं बघता? म्हैस व्यायली का? सास्तूरला पाणी वेळेवर येतं का? हे सगळं मी फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलत नाही. आधी वाटलं, रेंज नसेल. मग महेश्वरीनं शेजारणीच्या फोनवरून लावला, तर तुम्ही पहिल्या घंटीला उचललात आणि भावजयीचा आवाज ऐकताच ठेवून दिलात. रेंज आहे हे त्यावरून कळलं आणि मी कागद घेतला. आता उमरग्याच्या राजशेखर वकिलानं मला बजावलंय, की गंगम्माअक्का हा विरुद्ध पक्ष आहे, त्यांच्याशी तोंडी किंवा लेखी काही बोलायचं नाही. आई गेल्यावर जिनं आपल्या पदरानं माझं नाक पुसलं ती बाई विरुद्ध पक्ष कशी झाली, हे मला अजून उमगलेलं नाही. म्हणून नियम मोडून लिहितोय.

आपल्या शिवरंजनीचा आणि तुमच्या उत्कर्षचा काडीमोड होणार, अक्का. (हा शब्द लिहायच्या आधी मी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं.) भावाची लेक बहिणीच्या लेकाला द्यायची, ही आपल्या घरातली रीत. तिच्या पाळण्याच्या दिवशीच तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला आणि मी आनंदानं दिला. आता पाळण्यातल्या पोरीला काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही. पुढं ती बोलायला लागली, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं आणायला लागली, तरी विचारायचं राहिलंच. बी.एड. करायला म्हणून ती माहेरी आली तेव्हा आपण दोघांनीही तिचं कौतुक केलं. बी.एड. संपलं, वर्षही उलटलं, आणि दोघांनी मिळून आपल्याला सांगितलं की आम्ही परत एकत्र राहणार नाही. त्या दिवसापासून तुमचं बोलणं बंद आहे. पोरांचं जे व्हायचं ते होईल, ती शहाणी आहेत. मला भीती आहे ती माझी बहीण तुटायची.

वकील कसा शोधतात हे मला ठाऊक नव्हतं. स्थळ कसं शोधतात ते ठाऊक आहे, म्हणून स्थळासारखाच शोधला. आधी मठात जाऊन स्वामींना विचारलं, की वकिलाकडं जायला दिवस कोणता बरा. लग्न त्यांनीच लावलेलं. त्यांनी पंचांग उघडलं, बरीच पानं उलटली, मिटलं आणि म्हणाले, "आप्पा, ह्यात जोडायचं समदं लिवलंय. सोडायचं काय न्हाय. सोमवारी जावा." सोमवारी मी आणि महेश्वरी उमरग्याला राजशेखरकडं गेलो. तो माझ्या साडूचा पुतण्या आणि तुमच्या थोरल्या दिरांचा जावई. घरचा वकील असला की घरातली गोष्ट घरात राहते, असा माझा अंदाज. त्यानं सगळं ऐकलं, काळ्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "मामा, म्या कुणाकडनं उभा राहू? ह्या लग्नात तुमच्या पंगतीत वाढलंय आन् त्यांच्या पंगतीत जेवलोय." मग बायकोला हाक मारून आमच्यापुढं शेंगाची पोळी ठेवली. मी एक घास घेतला आणि थांबलो. जायफळ! शेंगाच्या पोळीत जायफळ घालणारी बाई उमरगा आणि लोहारा या दोन तालुक्यांत एकच आहे. मी राजशेखरकडं बघितलं, तर त्यानं फाईलमध्ये डोकं घातलं. म्हणजे अक्का, तुम्ही आमच्या आधी येऊन गेला होतात, त्याच खुर्चीवर बसला होतात, आणि नात्यातल्या घरी जायचं म्हणून रिकाम्या हातानं गेला नव्हतात. मला राग आला. रागातच मी पोळी संपवली आणि महेश्वरीच्या ताटलीतलीही घेतली, कारण ती तुमच्या हातची होती आणि पुन्हा कधी मिळेल याची खात्री नव्हती.  राजशेखरनं शेवटी आपल्या दोघांचीही केस घेतली नाही, पण एकमेकांशी बोलू नका हा सल्ला मात्र दोघांनाही दिला, असं दिसतं.

मग ठरवलं, आपल्या दोन्ही घरांशी ज्याचं कसलंच नातं नाही असा वकील गाठायचा. हे स्थळ शोधण्यापेक्षा अवघड निघालं. धाराशिवच्या कोर्टाच्या आवारात मी ज्याला ज्याला गाव, आजोळ, मठ विचारत गेलो तो तो कुठं ना कुठं निघालाच. (एक तर आपल्या नळदुर्गच्या मावशीचा व्याही निघाला. त्यांना मधुमेह झालाय, चौकशी करा.) अखेर अक्षदा वकीलबाई भेटल्या. मूळच्या तेरखेड्याच्या, वडील फटाक्यांच्या कारखान्यात कामाला. मी त्यांना आत्या, मावशी, मामा सगळं विचारून घेतलं. कुठूनच धागा लागेना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी "ठरलं मग" म्हणून हात जोडले. त्या म्हणाल्या, "काय ठरलं काका? केस कुठं सांगितली अजून?" तेवढ्यात महेश्वरीनं पिशवीतून खण आणि नारळ काढून त्यांची ओटी भरली. (बाईंचं लग्न झालेलं नाही, हे मागून कळलं.) पोरीच्या काडीमोडासाठी ओटी भरून घेणारी वकील या जिल्ह्यात दुसरी नसेल. त्यांनी नारळ कायद्याच्या पुस्तकांवर ठेवला, तो घरंगळून खाली आला, मी टेबलाखाली शिरून काढून दिला.

त्यानंतर मी आपल्या पणजोबांपासून सुरुवात केली. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, पक्षकार कोण? मी म्हणालो, मीच. त्या म्हणाल्या, "नवरा तुमचा हाय का?"  मग त्यांनी तोवर येऊन बसलेल्या शिवरंजनीकडं खुर्ची वळवली. आपली पोर शांतपणे बोलायला लागली. उत्कर्ष लई चांगला हाय, म्हणाली. त्यानं कधी आवाज चढवला न्हाय, कधी हात उगारला न्हाय. पण शाळेसाठी तो वर्षानुवर्षं आमच्याच घरी राहिला. एका ताटात जेवलो, एका वाकळेत झोपलो. लहानपणी मी त्याला राखी बांधली, तर आईनं ती कातरीनं कापली आणि म्हणाली, हा तुझा नवरा हाय. राखी कापली, मॅडम, पण माझ्यासाठी तो भाऊच राहिला. लग्नानंतर आम्ही दोघं एकमेकांना भिऊन राहत होतो, खोलीत दोन कोपरे धरून. महेश्वरी पदराचं टोक पिळत खाली बघत राहिली. अक्का, मी भुसाराच्या दुकानात बसून साऱ्या मुरूमचं बोलणं ऐकतो, आणि माझ्या घरातलं हे मी पहिल्यांदा धाराशिवला ऐकलं. मला तिथंच रडू आलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला.

दोघांचीही मर्जी असली आणि दोघं वर्षभर वेगळे राहिलेले असले, की दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा असतो, असं त्यांनी समजावलं. अर्जाचा मसुदा वाचायला दिला. मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत शोधलं. शिवरंजनीचं नाव आहे, उत्कर्षचं आहे. माझं नाही, तुमचं नाही. लग्नाच्या पत्रिकेवर आपली दोघांची नावं केवढी ठळक होती, आणि पोरांची शोधावी लागत होती. मला जरा अपमानच वाटला. मग भीत भीत विचारलं, ह्यात विरुद्ध पक्ष कुठं लिहिलाय? बाई म्हणाल्या, "ह्यात विरुद्ध पक्षच नसतो, काका. दोघंबी अर्जदार." मी त्यांना ते परत एकदा म्हणायला लावलं.

खाली आलो तर उत्कर्ष मोटारसायकलला टेकून उभा. तोच शिवरंजनीला मुरूमहून घेऊन आला होता, आणि आम्ही म्हातारी दोघं एसटीनं धक्के खात आलो होतो. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, आता म्या जावई राहणार न्हाय. भाचा तरी राहू का?" त्याचं तोंड लहानपणी पाटी फुटल्यावर व्हायचं तसं झालं होतं. मी त्याला म्हणालो, गाढवा, भाचा का कुणाला विचारून राहतो? आणि तिघांनाही उसाचा रस पाजला. तो बर्फ न घालता घेतो, हे मला विचारावं लागलं नाही. म्हणजे अक्का, पोरांनी आपलं नातं न भांडता मिटवलं, आणि आपण म्हातारी माणसं मात्र वकिलाच्या सल्ल्यानं एकमेकांवर रुसून बसलोय.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा. तुमच्यासाठी काय लिहावं ते सुचत नाही.

आपला भाऊ,
शंभुलिंग

ता. क. जायफळ जरा जास्त झालं होतं. तक्रार नाही.

ता. क. शिवरंजनी विचारते, सासू नसलात तरी आत्या म्हणून पुढं तुम्हाला अत्तीच म्हणायचं ना? मी हो म्हणून टाकलंय. आता मला खोटं पाडू नका.

ता. क. वर मुरूम लिहिलंय ते खरं नाही. हे पत्र मी सास्तूरला, तुमच्या घरासमोरच्या लिंबाखाली बसून लिहिलंय. महेश्वरी शेजारीच आहे, तिला ऊन लागतंय. मघाशी दार वाजवलं, तर तुम्ही आतून म्हणालात की वकिलानं बोलू नका म्हणून सांगितलंय. आता हा कागद दाराखालून आत सरकवतो. बोलू नका, अक्का. दार तेवढं उघडा.